राखलेला उजेड

माणसाचा चेहरा कातडीवर उतरवायला बसलेल्या टॅटू आर्टिस्टच्या ट्रेमध्ये शाईच्या चार-पाच इवल्याशा वाट्या असतात. पहिलीत निव्वळ काळी शाई. पुढच्या वाट्यांत तीच शाई पाणी घालून उतरवत नेलेली. गडद राखाडी, मध्यम, फिकी, आणि शेवटच्या वाटीत तर पाणी जेमतेम मळलेलं. पांढरी शाई काहीजण ठेवतात, पण ती अगदी शेवटी, बुबुळात टिंब देण्यापुरती. मग नाकाच्या शेंड्यावरची चकाकी, कपाळावर पडलेला खिडकीचा उजेड, म्हातारपणी वर आलेल्या गालफडाची उजळ कड हे सगळं येतं कुठून? ज्याच्या अंगावर काम चाललं आहे, त्याच्याच कातडीतून. तिथे सुई नेलेलीच नसते.

‘ब्लॅक अँड ग्रे रिअलिझम’ या नावाने ही शैली आज जगभर ओळखली जाते. जलरंगात काम केलेल्या कुणालाही तिचं गणित लगेच कळेल. सावंतवाडीत जन्मलेले चित्रकार सावळाराम हळदणकर यांचं हाती दिवा घेतलेल्या स्त्रीचं जलरंगचित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. ते पाहायला लोक मुद्दाम जातात. पारदर्शक जलरंगात उजेड वरून लावता येत नाही, कागद राखावा लागतो. एकदा तिथे रंग गेला की तो उजेड परत येत नाही. टॅटूतही हेच. फक्त इथला कागद जिवंत असतो, त्याला दुखतं, त्यातून रक्त येतं आणि वर्षागणिक तो म्हातारा होत जातो.

राखण्याची ही शिस्त कोणत्याही कलाशाळेने शिकवलेली नाही. ज्यांच्याकडे एकच सुई आणि एकच शाई होती, अशा कॅलिफोर्नियाच्या तुरुंगांतल्या माणसांनी ती घडवली. आज मुंबई-पुण्याच्या स्टुडिओत कुणी आईचा चेहरा दंडावर काढून घेतो, तेव्हा त्या कामाचा वंश थेट त्या कोठड्यांपर्यंत जातो. तो वंश समजून घेतल्याशिवाय ही कारागिरी नीट समजत नाही, असं मला वाटतं.

एक तार, एक शाई

अमेरिकेत वाढलेल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांना चिकानो म्हणतात. १९४० च्या दशकात त्यांच्यातली ढगळ सूट घालणारी तरुण पोरं पाचुको म्हणून ओळखली जात. १९४३ च्या जूनमध्ये लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर अमेरिकी नौसैनिकांनी या पोरांना गाठून गाठून मारलं, त्यांचे सूट फाडले. अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यात गोंदलेला छोटा क्रूस ही पाचुकोंची खूण. ती घरातल्याच सुईने आणि शाईने टोचून काढलेली असे. पुढे याच वस्त्यांतली पोरं टोळ्यांत शिरली, टोळ्यांतून बालसुधारगृहांत आणि तिथून मोठ्या तुरुंगांत गेली. गोंदवणंही त्यांच्याबरोबर आत गेलं.

तुरुंगात टॅटूला मनाई. त्यामुळे यंत्र चोरून, हाताला लागेल त्यातून जमवावं लागे. कॅसेट प्लेअरची छोटी मोटर, बॉलपेनची रिकामी नळी, टूथब्रशचा वाकवलेला दांडा, आणि सुईच्या जागी गिटारची घासून टोकदार केलेली तार. शाईसाठी बेबी ऑइल जाळायचं, त्याच्या ज्योतीवर धरलेली काजळी खरवडायची आणि पाण्यात कालवायची. आपल्याकडे जत्रेत बसून गोंदणाऱ्या बायकांचीही मूळ सामग्री काजळी आणि सुई हीच होती.

त्या काळातलं बाहेरचं अमेरिकन टॅटूचं दुकान अगदी निराळं होतं. १८९१ साली न्यूयॉर्कमध्ये सॅम्युअल ओ’रायली याने एडिसनच्या विजेच्या लेखणीवरून टॅटूच्या यंत्राचं पेटंट घेतलं. पुढे यंत्राच्या टोकाला अनेक सुयांचा जुडगा डाखून लावण्याची रीत पडली. जाड काळी किनार, आत लाल, हिरवा, पिवळा. नांगर, गरुड, गुलाब, हृदयावर पट्टी आणि पट्टीवर नाव. खलाशी आणि सैनिक हे मुख्य गिऱ्हाईक. ठळक रेघ टिकते, हा त्या धंद्याचा मूलमंत्र.

कैद्याच्या यंत्राला एकच तार. तिने ठळक किनार निघत नाही, निघते ती केसासारखी रेघ. रंग तर मिळतच नव्हते. मग गालाचा गोलवा दाखवायचा कसा? शाईत पाणी वाढवायचं आणि टिंबं विरळ करत न्यायची, एवढा एकच उपाय उरला. एका चेहऱ्याची सावली एका तारेने भरायला तासन्‌तास लागतात. आणि तुरुंगातल्या माणसाकडे वेळ तेवढा भरपूर असतो. पुढे जगभर जी शैली म्हणून गाजली, ती अशी एकेक वस्तू नसल्यामुळे घडत गेली.

चित्रं कुठून आली, हेही पाहण्यासारखं आहे. हे कैदी हातरुमालांवर बॉलपेनने चित्रं काढून घरी पाठवत; त्या रुमालांना ‘पान्यो’ म्हणतात. ग्वादालूपेची माता, काटेरी मुकुटातला ख्रिस्त, जपमाळ, प्रार्थनेत जोडलेले हात, अ‍ॅझ्टेक योद्धे, हसरा आणि रडका असे जोडमुखवटे. यातल्या योद्ध्यांवर मेक्सिकन चित्रकार हेसूस एल्गेरा याच्या कॅलेंडरांचा मोठा ठसा होता. ज्वालामुखींच्या दंतकथेतल्या राजकन्येला हातांवर उचलून नेणारा त्याचा योद्धा घराघरांतल्या भिंतींवर होता. ज्या मराठी घरांच्या भिंतींवर चित्रकार मुळगावकरांची देवादिकांची कॅलेंडरं लागत, त्यांना ही वाट ओळखीची वाटेल. कॅलेंडरातली प्रतिमा आधी भिंतीवर येते, मग डोळ्यांत बसते, आणि कॅलिफोर्नियात ती अंगावर गेली.

व्हिटियर बुलेव्हार्डवरचं दुकान

१९७५ साली चार्ली कार्टराइट आणि जॅक रूडी यांनी ईस्ट लॉस एंजेलिसमध्ये, व्हिटियर बुलेव्हार्डवर, ‘गुड टाइम चार्लीज टॅटूलँड’ हे दुकान थाटलं. हा रस्ता म्हणजे चिकानो तरुणांचा हमरस्ता. जमिनीला टेकेल इतक्या खाली आणलेल्या चकचकीत ‘लोरायडर’ गाड्या इथे संथपणे मिरवत जात. कार्टराइट जुन्या पद्धतीत तयार झालेला. रूडी मरीन दलातून आलेला त्याचा उमेदवार.

दुकानात येणारी पोरं भिंतीवरच्या नांगर-गरुडांकडे बघत नसत. ती स्वतःच्या किंवा भावाच्या हातावरचं तुरुंगातलं काम दाखवून म्हणत, असं हवं. इतर टॅटूवाल्यांच्या लेखी ते काम म्हणजे कैद्यांचे उद्योग, अडाणीपणा. कार्टराइट आणि रूडी यांनी मात्र ते हात जवळ ओढून नीट पाहिले. आपल्या महागड्या यंत्राला जे जमत नाही, ते टेप रेकॉर्डरच्या मोटरीला जमलं आहे, हे त्यांनी मान्य केलं आणि व्यावसायिक यंत्रावर एकच सुई बसवण्याच्या खटपटीला लागले. ते सोपं नव्हतं. जुडग्यातल्या सुया एकमेकींना आधार देतात. एकटी सुई थरथरते, दाब जरा वाढला की कातडी चिरते. हात हलका, वेग सारखा आणि सुईला घट्ट आधार, हे सगळं जुळवावं लागलं. तेव्हापासून कोठडीतली बारीक रेघ स्वच्छ सुईने, निर्जंतुक केलेल्या नळीतून, उजळ माथ्याने काढता येऊ लागली.

या कलेच्या इतिहासात मला हा क्षण सर्वांत मोलाचा वाटतो. गिऱ्हाईक गुरू झालं आणि दुकानदार शिष्य. ज्यांना सगळं शहर गुन्हेगार म्हणून ओळखत होतं, त्यांच्याकडे शिकण्यासारखं काही आहे असं म्हणणारी दोन माणसं भेटली, म्हणून ही शैली तुरुंगाबाहेर जगली.

१९७७ मध्ये कार्टराइट धर्माकडे वळला आणि त्याने धंदा सोडला. दुकान घेतलं एड हार्डी याने. पुढे त्याचं नाव टी-शर्टांवर छापलं गेलं म्हणून पुष्कळांना ते ठाऊक असतं. पण हा माणूस सॅन फ्रान्सिस्कोच्या कला महाविद्यालयात मुद्राचित्रण शिकलेला होता. १९७३ मध्ये जपानला जाऊन त्याने तिथल्या परंपरागत गोंदणकारासोबत काम केलं, आणि १९७४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत, आधी वेळ ठरवून येणाऱ्या माणसासाठी खास चित्र रचून देणारा स्टुडिओ काढला. एचिंगच्या पत्र्यावर काळ्याच्या किती पायऱ्या निघतात हे त्याच्या हाताला माहीत होतं. त्यामुळे ईस्ट लॉस एंजेलिसच्या पोरांच्या दंडांवर काय घडतं आहे, हे त्याला दुसऱ्या कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

१९७७ मध्येच फ्रेडी नेग्रेटे व्हिटियर बुलेव्हार्डवरच्या दुकानात रुजू झाला. आई ज्यू, वडील मेक्सिकन. दोघंही तुरुंगात गेलेली. पोर परक्या घरांत वाढलेलं, लहानपणीच टोळीत गेलेलं. गोंदायला तो बालसुधारगृहात शिकला. घरी जुळवलेल्या यंत्राने काढलेली त्याची कामं आधीच वस्तीत फिरत होती, माणसांच्या अंगांवरून. त्याच्या रूपाने तुरुंगात तयार झालेला हात पहिल्यांदा व्यावसायिक दुकानाच्या खुर्चीशेजारी बसला. पुढे त्याने चित्रपटांतल्या नटांसाठी टॅटू रंगवले. चिकानो टोळ्या आणि तुरुंग यांवरच्या १९९३ च्या ‘ब्लड इन ब्लड आउट’मधल्या कैद्यांची अंगं त्याने सजवली. वेस्ट हॉलीवूडमधल्या मार्क महोनीच्या ‘शॅमरॉक सोशल क्लब’ या दुकानात त्याने काम केलं. २०१६ मध्ये त्याचं आत्मचरित्र आलं, ‘स्माइल नाऊ, क्राय लेटर’. टोळी, तुरुंग, व्यसन, श्रद्धा आणि पुन्हा सुई अशी त्या आयुष्याची वळणं आहेत.

२०१७ च्या अखेरीस लॉस एंजेलिसच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये टॅटूंचं मोठं प्रदर्शन भरलं. ज्या शहराच्या पोलिसांनी हे टॅटू गुन्ह्याची खूण म्हणून नोंदवले, त्याच शहराच्या संग्रहालयात ते कला म्हणून मांडले गेले.

चेहरा कसा उतरतो

नेग्रेटे आणि रूडी यांच्यानंतर अल्बुकर्कीच्या ब्रायन एव्हरेटसारख्यांनी माणसांच्या हुबेहूब चेहऱ्यांवर लक्ष एकवटलं आणि या शैलीतलं पोर्ट्रेट हे स्वतंत्र कौशल्य झालं. आज त्यात एकच सुई वापरतात असं नाही. पापण्यांच्या केसांसाठी तीन सुयांचा बारीक लायनर, गालाच्या सावलीसाठी दोन ओळींत पसरलेला, कडा वळवलेला मॅग्नम. सुयांची जाडी साधारण ०.२५ ते ०.३५ मिलिमीटर. त्या बंद कार्ट्रिजमध्ये येतात आणि काम झालं की टाकून दिल्या जातात. यंत्र बहुधा मोटरीवर चालणारं, पेनासारखं. मात्र विचार तोच राहिला आहे, काळं किती द्यायचं आणि कातडी किती राखायची.

सुरुवात फोटोपासून होते, आणि निम्मं काम तिथेच ठरतं. एका बाजूने उजेड पडलेला फोटो हवा. नाकाची सावली गालावर पडलेली, डोळ्याची खोबण गडद, एक गाल उजळ. समोरून फ्लॅश मारलेल्या फोटोत चेहरा सपाट होतो. त्यात गडद काही नसतं, म्हणून उजेडही नसतो.

मग आकार. चेहरा निदान तळहाताएवढा हवा. मनगटावर रुपयाएवढ्या जागेत आजोबांचा चेहरा मागणाऱ्याला जाणता आर्टिस्ट नकार देतो. कारण शाई कातडीत वर्षानुवर्षं थोडी थोडी पसरते. पापणी आणि बुबुळ यांच्यामधली फट आज केसाएवढी ठेवली तर दहा वर्षांनी ती बुजते, आणि डोळा म्हणून एक काळा डाग उरतो.

स्टेन्सिल कातडीवर जांभळ्या रेघांत उमटतं. ते चेहऱ्याचं रेखाचित्र नसतं. नकाशात उंचीच्या समोच्च रेषा असतात तशा त्यात छटांच्या हद्दी आखलेल्या असतात, कुठे गडद संपतं, कुठे मध्यम सुरू होतं, कुठला तुकडा कोरा राहायचा आहे. या रेघा अंतिम चित्रात दिसायच्या नसतात. नवशिका इथेच फसतो. तो नाकाला बाह्यरेषा काढतो, प्रत्येक दातामध्ये उभी रेघ ओढतो, आणि चेहरा व्यंगचित्रासारखा दिसू लागतो. खऱ्या चेहऱ्यावर रेघा नसतात. एक छटा जिथे दुसरीला भेटते, तिथे कड दिसते, इतकंच.

उजव्या हाताने काम करणारा बहुधा उजव्या खालच्या कोपऱ्यातून सुरू करतो, कारण जादा शाई आणि रक्त सारखं पुसावं लागतं आणि हात फिरला की स्टेन्सिल पुसलं जातं. डावा हात सगळा वेळ कातडी ताणून धरतो. पाहणाऱ्याचं लक्ष सुईकडे असतं, पण काम बिघडतं ते बहुतेक वेळा या डाव्या हाताच्या ढिलाईने. सैल कातडीत शाई ठिपक्याठिपक्यांनी बसते आणि गाल डागाळलेला दिसतो. अनेकजण सगळ्यात गडद जागा आधी भरतात, नाकपुडी, बुबुळ, केसांच्या मुळाशी. एकदा तळ ठरला की बाकीच्या छटा त्याच्या मापाने लावता येतात. गोलाकार, झोक्यासारखा किंवा टोकाला उचलून घेतलेला, अशा हाताच्या निरनिराळ्या चाली असतात. उचलून घेतलेल्या झटक्यात छटा आपोआप विरत जाते.

दोन-तीन तासांनी डोळे फसवू लागतात. टोचलेली कातडी लाल होते, सुजते. त्या लालीवर फिकी राखाडी छटा असते त्याहून गडद भासते. आणखी थोडा वेळ गेला की कातडी शाई घेईनाशी होते. या टप्प्यावर आणखी एक हात मारण्याचा मोह अनावर होतो, आणि तो आवरणाराच कारागीर. पुढच्या दोन-चार आठवड्यांत साल निघून जातं, छटा उतरतात, मगच खरं चित्र दिसतं. आर्टिस्टला आजच्या चित्राऐवजी महिन्यानंतरचं चित्र डोळ्यांसमोर ठेवून काढावं लागतं.

कातडीच्या आत

सुई एक ते दोन मिलिमीटर खोल जाते. वरचा थर, बाह्यत्वचा, सतत झडत आणि नवा येत असतो. तिथली शाई काही आठवड्यांत निघून जाते. म्हणून शाई त्याखालच्या थरात, आंतरत्वचेत, बसावी लागते. त्याहून खोल गेली तर ती चरबीत पसरते आणि रेघेभोवती निळसर धुकं दिसतं.

शाई तिथे टिकते कशी, हे कळायला बराच काळ गेला. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या मार्सेच्या संशोधकांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की शरीरातल्या भक्षक पेशी शाईचे कण गिळतात, त्या पेशी मरतात तेव्हा कण मोकळे होतात, आणि त्यांच्या जागी आलेल्या नव्या पेशी ते पुन्हा गिळतात. वर्षानुवर्षं ही देवघेव चालते, आणि जुन्या गोंदणाच्या कडा मऊ का होतात, हे यावरून समजायला मदत होते.

आपल्या आज्या-पणज्यांच्या हातावरचं तुळशीचं रोप, कपाळावरचा ठिपका हिरवट दिसतो. काजळी तर काळीकुट्ट. कातडीत शिरलेल्या उजेडातला तांबडा भाग खोलवर जाऊन काजळीत शोषला जातो, निळा भाग वरच्या थरातूनच विखरून परत येतो. म्हणून आतलं काळं आपल्याला निळं-हिरवं दिसतं. राखाडी छटांचं काम करणाऱ्याला हे ठाऊक असावं लागतं, कारण जास्त खोल गेलेली फिकी छटा राखाडी न दिसता निळसर दिसते.

सावळ्या कातडीचा प्रश्न याच्याच पुढचा आहे. आपल्या रंगाचं द्रव्य, मेलॅनिन, वरच्या थरात असतं आणि शाई खालच्या. म्हणजे चित्र आपल्याला रंगीत काचेतून पाहिल्यासारखं दिसतं. सगळ्यात फिकी वाटी तिथे वाया जाते. पांढरी शाई, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, काही महिन्यांत पिवळट-तपकिरी दिसू लागते. अमेरिकेत वा युरोपात गोऱ्या कातडीवर काढलेल्या कामाची नक्कल इथे तशीच उतरवली तर चेहरा मळकट होतो. उपाय कैद्यांच्याच पठडीतला आहे. मधल्या छटा कमी करायच्या, गडद आणखी गडद करायचं आणि कोरी कातडी जास्त राखायची. सावळी कातडी उजेड दाखवत नाही हा गैरसमज आहे. तिच्यावर उजेडासाठी मोठी जागा सोडावी लागते, इतकंच.

ज्यांचे चेहरे मागितले जातात

पोर्ट्रेट टॅटूसाठी येणाऱ्यांत वारलेल्या माणसाचा फोटो घेऊन येणारे खूप असतात. वडील, आई, लहानपणी गेलेलं मूल. आणि फोटो कसला असतो? आधार कार्डावरचा, लग्नाच्या गर्दीतून कापलेला, नाहीतर हार घालून भिंतीवर लावण्यासाठी फोटोवाल्याने घासूनपुसून सुरकुत्या काढलेला. त्यात ना सावली, ना कातडीचा पोत. मग आर्टिस्ट आणखी फोटो मागतो, हसताना ओठ कुठे मुडपायचा ते विचारतो, भुवईवरची खूण खरी होती की फोटोतला डाग आहे ते विचारतो. तंत्राच्या या प्रश्नांतून खुर्चीवरचा माणूस गेलेल्या माणसाबद्दल बोलू लागतो. या धंद्यात पडणाऱ्याने ऐकायलाही शिकलं पाहिजे, कारण चूक झाली तर ती अशा माणसाच्या अंगावर राहते, ज्याला दुसरा चेहरा आणता येणार नाही.

महाराष्ट्रात आणखी एक चेहरा सर्वाधिक मागितल्या जाणाऱ्यांपैकी आहे, छत्रपती शिवाजी महाराजांचा. त्यात एक पेच आहे. महाराजांच्या काळाशी जवळीक सांगणारी चित्रं लघुचित्रांच्या परंपरेतली, बहुतेक एका बाजूने पाहिलेली आणि सावली नसलेली आहेत. त्या परंपरेत छायाप्रकाश दाखवतच नसत. म्हणजे दंडावर जो ‘खराखुरा’ चेहरा हवा असतो, त्यातला उजेड विसाव्या शतकातल्या तैलचित्रांतून, पुतळ्यांतून आणि आताच्या डिजिटल चित्रांतून आलेला असतो. विचार करणारा आर्टिस्ट इथे इंटरनेटवरचं पहिलं चित्र उचलत नाही. तो जुनी लघुचित्रं पाहतो, नाकाची ठेवण, दाढीची रेघ, जिरेटोपाचा बाक त्यातून घेतो आणि उजेड स्वतः रचतो. महाराजांचं चित्र अंगावर घेणाऱ्यानेही एवढा आग्रह धरायला हवा.

उमेदवारी आणि कारकीर्द

या धंद्यात शिरण्याचा जुना रस्ता म्हणजे उमेदवारी. दुकान झाडायचं, नळ्या उकळायच्या, सुया डाखायच्या, स्टेन्सिलं काढून द्यायची आणि रोज चित्र काढायचं. आता सुया तयार येतात, सरावासाठी कृत्रिम कातडी मिळते. पण पेन्सिलीला पर्याय निघालेला नाही. डेट्रॉइटचा बॉब टायरेल या शैलीतल्या नामवंतांपैकी एक. तो रॉक बँडमध्ये गिटार वाजवायचा. तिशीत पुन्हा चित्रकलेकडे वळला आणि वयाच्या ३४ व्या वर्षी, टॉम रेनशॉसारख्या पोर्ट्रेटकाराच्या सहवासात, गोंदायला लागला. म्हणजे उशिरा सुरू करता येतं. चित्रकलेला बगल देऊन मात्र सुरू करता येत नाही.

आपल्याकडे हजारो मुलं शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसतात, स्थिरचित्रातल्या तांब्यावर उजेड कुठला आणि सावली कुठली हे शिकतात. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टने १८५७ पासून व्यक्तिचित्रणाची मोठी परंपरा या प्रांतात रुजवली. चित्रकला शिकलेल्या पुष्कळांना पुढे तिच्यावर पोट भरता येत नाही, म्हणून ती सुटते. त्यांच्यासाठी हा एक गंभीर, प्रतिष्ठेचा व्यवसाय होऊ शकतो.

पण तो सोपा नाही. तासन्‌तास वाकून बसल्याने मान, पाठ आणि मनगट जातं. आरोग्याची जबाबदारी प्रत्येक सिटिंगला असते. कावीळ पसरल्याच्या कारणाने न्यूयॉर्क शहराने १९६१ मध्ये टॅटूवर घातलेली बंदी १९९७ पर्यंत टिकली. शाईत काय आहे हाही प्रश्न आहे. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतल्या हजारो रसायनांवर मर्यादा आणल्या. आपली शाई कुठून आली, बाटली कधी फोडली, हे सांगता न येणाऱ्या आर्टिस्टसमोर हात धरू नये.

आणखी एक जबाबदारी आहे, चित्राच्या अर्थाची. पिको रिव्हेरा या लॉस एंजेलिसजवळच्या गावात २००४ मध्ये दारूच्या दुकानात एक खून झाला होता. काही वर्षांनी एका तपास अधिकाऱ्याला एका टोळीवाल्याच्या छातीच्या फोटोत त्या खुनाचं सगळं दृश्य, दुकानासकट, गोंदलेलं दिसलं. २०११ मध्ये तो माणूस दोषी ठरला. लॉस एंजेलिसमध्येच फादर ग्रेग बॉइल यांनी १९८८ मध्ये टोळीतून बाहेर पडणाऱ्यांसाठी सुरू केलेलं काम आज ‘होमबॉय इंडस्ट्रीज’ या नावाने चालतं. तिथे लेझरने टॅटू मोफत पुसून देतात, कारण मानेवर, चेहऱ्यावर टोळीचं नाव असलेल्याला नोकरी कोण देणार? ज्या वस्तीने जगाला ही शैली दिली, त्याच वस्तीत ती पुसून घेण्यासाठी माणसं रांगेत बसतात. गोंदणाऱ्याने दोन्ही गोष्टी मनात ठेवून सुई हातात घ्यायला हवी.

काम कशावरून जोखावं

आज या धंद्याची कीर्ती फोटोंवर चालते. टॅटू नुकताच झाला आहे, कातडी ओली आहे, काळं अगदी काळं दिसतं आहे. कॅमेऱ्याला चकाकी कमी करणारी काच लावली, कॉन्ट्रास्ट जरा वाढवला की चेहरा श्वास घेतो आहे असं वाटतं. या फोटोंच्या स्पर्धेत तरुण आर्टिस्ट दर छिद्र, दर सुरकुती, दर केस कातडीत भरू लागले आहेत. सुया हव्या तितक्या बारीक मिळतात, राखाडीच्या तयार बाटल्या मिळतात, फोटो हवा तेवढा मोठा करता येतो. काही भरायचं बाकी ठेवावं असं सांगणारी कुठलीच अडचण आता उरलेली नाही.

म्हणून चेहरा काढून घ्यायचा असेल तर कालचे फोटो पाहू नयेत. पाच-सात वर्षांपूर्वीचं काम आज कसं दिसतं, ते मागावं. त्यात डोळे अजून दोन डोळे आहेत का, गालावरचा उजेड शाबूत आहे का, चेहरा हातभर अंतरावरून ओळखू येतो का, हे पाहावं. सावळ्या कातडीवरचं काम वेगळं मागावं. आणि आपल्या मागणीला आर्टिस्ट कधी नाही म्हणाला, तर रागावू नये. आकार वाढवा, फोटो बदला, ही जागा नको, असं सांगणारा माणूस आपल्या पुढच्या वीस वर्षांचा विचार करत असतो.

कॅलिफोर्नियातल्या कैद्यांच्या हाती एकच तार होती, म्हणून कुठे थांबायचं हे त्यांना परिस्थितीने शिकवलं. आज ते स्वतःहून शिकावं लागतं, आणि सगळं हाताशी असताना शिकणं जास्त कठीण आहे. ज्या मुलाला किंवा मुलीला ते जमेल, त्यांचं काम गिऱ्हाइकाबरोबर म्हातारं होईल, छटा मऊ होतील, काळं थोडं निळसर होईल, तरी आई आईसारखीच दिसेल. त्यांच्या हाती आपली माणसं खुशाल सोपवावीत.